एका ओळीत मावलेलं झाड

ज्या सर्व्हरवर आठ-दहा व्हर्च्युअल मशिनं (सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) चालू आहेत, त्यावर 'पीएस' ही चालू प्रोग्रामांची यादी दाखवणारी कमांड सगळ्या आर्ग्युमेंटांसकट एकदा चालवून पाहावी. स्क्रीन भरून वाहायला लागते. एकेका मशिनची कमांड लाइन संपता संपत नाही. नवीन माणूस बघताक्षणी नजर फिरवतो. मला मात्र ती ओळ सावकाश वाचायला आवडते. त्यात एक अख्खा संगणक लिहिलेला असतो: सीपीयू किती, मेमरी किती, कुठली डिस्क कुठल्या कंट्रोलरला लावली, तो कंट्रोलर कुठल्या पीसीआय बसवर बसला, डिस्कची फाइल कुठे ठेवली, ती कुठल्या फॉरमॅटमध्ये आहे, लिहिताना कॅश वापरायचा की नाही. एकात एक, त्यात आणखी एक असं खोल जाणारं वर्णन, आणि ते सांगायला हाताशी फक्त एक सरळ ओळ.

माझं काम या ओळीच्या पलीकडच्या बाजूचं आहे. हडपसरच्या ऑफिसात बसून मी सिस्टिम्स सॉफ्टवेअर लिहिते, आणि त्यातला बराच वेळ अशा ओळी फोडून त्यातून आतलं झाड, म्हणजे एकात एक बसलेली रचना, उभं करण्यात जातो. यालाच पार्सिंग म्हणतात. पार्सिंग म्हटलं की आपल्या क्षेत्रातही लोक 'ते काय, स्ट्रिंग कापायची' म्हणून पुढे जातात. हे काम इतकं किरकोळ नाही. आत येणारी प्रत्येक गोष्ट याच दारातून येते, आणि दारात झालेला गोंधळ पुढे घरभर फिरतो.

मुळात कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, यातलं काही कळत नाही. लिनक्सवर एखादा प्रोग्राम सुरू होतो तेव्हा त्याला स्ट्रिंगांची, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांची, एक रांग मिळते, बस्स. रांगेतली कुठली स्ट्रिंग ऑप्शन, कुठली व्हॅल्यू, कुणाच्या पोटात कोण, हे कर्नल विचारत नाही. नेहमीच्या ४ केबी पेजच्या मशिनवर एकेक स्ट्रिंग जास्तीत जास्त १२८ केबीची असावी आणि सगळ्यांची बेरीजही एका मर्यादेत राहावी, एवढीच त्याची अट. अवतरणचिन्हं आपण शेलसाठी, म्हणजे टाइप केलेली ओळ वाचून प्रोग्राम सुरू करणाऱ्यासाठी, टाकतो, आणि शेल ती स्वतःच काढून घेतो. प्रोग्रामपर्यंत ती पोचतच नाहीत. विंडोजवर आणखी वेगळं: तिथे नव्या प्रोसेसला सगळी ओळ एकसंध मिळते आणि तुकडे करणं त्या प्रोग्रामच्याच गळ्यात पडतं. अवतरणचिन्हाआधी किती बॅकस्लॅश आले, सम की विषम, यावर तिथे अर्थ बदलतो.

म्हणजे एका स्ट्रिंगच्या आत जी काही रचना असेल, ती लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्याने आपापसात ठरवलेली असते. आणि ठरवायला चिन्हं तरी कुठली उरली आहेत? हे मला फार महत्त्वाचं वाटतं आणि ते कुठे फारसं बोललं जात नाही. १९६० च्या दशकात आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमवर जेसीएल ही कामं नेमून देण्याची भाषा होती. त्यात कंस चालायचे. डिस्कवर जागा मागायची तर 'स्पेस=(टीआरके,(१०,५))' असं लिहायचं: आधी १० ट्रॅक दे, कमी पडले तर ५-५ ने वाढव. कंसात कंस, सरळ हिशेब. युनिक्समध्ये ही सोय गेली, कारण गोल कंस शेलने स्वतःच्या कामाला घेतले. महिरपी कंस बॅश या शेलच्या विस्तारात गेले. चौकोनी कंस फाइलींची नावं जुळवायला गेले. हेल्म या सॉफ्टवेअर बसवण्याच्या साधनासाठी 'सर्व्हर्स[०].पोर्ट=८०' असं अवतरणचिन्हांविना लिहून झेडशेल या दुसऱ्या शेलमध्ये एंटर दाबा, तो म्हणेल अशी फाइल सापडत नाही. डॉलर, स्टार, अँपरसँड, पाइप, सेमीकोलन सगळे आधीच नोकरीला लागलेले. मोकळी राहिली ती मोजकी मंडळी: कॉमा, बरोबरचं चिन्ह, डॉट, कोलन, स्लॅश, हायफन. आजच्या बहुतेक कमांड लाइनी याच उरलेल्या चिन्हांवर संसार करतात. माउंट कमांडचा 'हायफन ओ' घ्या, त्याच्यापुढे कॉमांनी जोडलेली यादी. डॉकरचा माउंट ऑप्शन घ्या, तिथे तर आतली ओळ चक्क सीएसव्हीच्या, म्हणजे कॉमांनी तोडलेल्या तक्त्यांच्या, पार्सरने वाचतात.

क्यूएमूची, म्हणजे व्हर्च्युअल मशिनं चालवणाऱ्या प्रोग्रामची, गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे, कारण त्यात हा सगळा प्रवास एकाच प्रकल्पात दिसतो. फाब्रिस बेलार्डने २००३ मध्ये तो सुरू केला. तेव्हा डिस्क लावायला 'हायफन एचडीए' आणि पुढे फाइलचं नाव, एवढं पुरायचं. मग 'ड्राइव्ह' ऑप्शन आला आणि त्याच्या पोटात की (नाव) आणि व्हॅल्यू (त्या नावाला दिलेली किंमत) यांच्या जोड्या आल्या, कॉमांनी वेगळ्या केलेल्या. २००९ मध्ये क्यूएमू-ऑप्ट्स नावाची यंत्रणा आली आणि ठिकठिकाणी हाताने केलेली कापाकापी एका जागी आली. पण ती यंत्रणा सपाट होती. की आणि व्हॅल्यू, की आणि व्हॅल्यू, पुढे काही नाही.

डिस्क मात्र सपाट नव्हती. क्यूकाऊ२ हा डिस्कच्या फाइलचा फॉरमॅट, हा एक थर. त्याच्याखाली प्रत्यक्ष बाइट आणून देणारा दुसरा थर: साधी फाइल असेल, किंवा नेटवर्कपलीकडून डिस्क पुरवणारा एनबीडी सर्व्हर. त्या सर्व्हरचा पत्ता म्हणजे आणखी एक रचना. प्रत्येक थराचे ऑप्शन वेगळे आणि नावं मात्र सारखी. नुसतं 'ड्रायव्हर' म्हटलं तर कुणाचा? २०१७ मध्ये क्यूएमू २.९ बरोबर 'ब्लॉकडेव्ह' ऑप्शन आला आणि त्याच्यासाठी नवा पार्सर लिहिला गेला. देवनागरीत लिहिली तर त्याची ओळ अशी दिसेल:

-ब्लॉकडेव्ह ड्रायव्हर=क्यूकाऊ२,नोड-नेम=डिस्क०,फाइल.ड्रायव्हर=एनबीडी,फाइल.सर्व्हर.टाइप=इनेट,फाइल.सर्व्हर.होस्ट=लोकलहोस्ट,फाइल.सर्व्हर.पोर्ट=१०८०९

यातला डॉट म्हणजे एक पायरी आत. 'फाइल.सर्व्हर.पोर्ट' म्हणजे फाइलच्या आत सर्व्हर, सर्व्हरच्या आत पोर्ट. ओळ सपाटच राहिली, पण प्रत्येक जोडी आपला पूर्ण पत्ता अंगावर घेऊन आली. त्यामुळे क्रमाचं महत्त्व संपलं. पोर्ट आधी लिहा, ड्रायव्हर शेवटी लिहा, झाड तेच उभं राहतं.

हे वाचताना मला हटकून बाबा आठवतात. ते आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे टपाल सेवेत, सॉर्टर होते, पुणे स्टेशनजवळ. पत्रावरचा पत्ता ते खालून वर वाचायचे. आपण लिहितो नाव, घर, वाडा, गल्ली, पेठ, गाव. त्यांची नजर आधी पिनकोडवर. ४११ दिसलं की पत्र पुण्याच्या खणात, पुढचे ०३० दिसले की सदाशिव पेठ. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला, आणि त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर होते, तेव्हाचे दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सहा आकडे, सरळ ओळीत, पण पहिला आकडा विभाग सांगतो, पहिले दोन उपविभाग, पहिले तीन सॉर्टिंग जिल्हा. प्रत्येक आकड्याने एक दार आणखी आतलं उघडतं. बाबा म्हणायचे, 'पाकीट उघडायचं नाही. खण कुठला एवढंच आपलं काम.' पार्सरचं कामही मला असंच वाटतं, आणि त्यातलं 'उघडायचं नाही' हे सर्वांत जास्त.

कारण या पार्सरची खरी हुशारी त्याने काय टाळलं यात आहे. तो ओळ कॉमांवर तोडतो, प्रत्येक तुकडा पहिल्या बरोबरच्या चिन्हावर तोडतो, कीचं नाव डॉटवर तोडतो, आणि मिळालेल्या वाटेने आत जात डिक्शनरीत (की-व्हॅल्यूंच्या संचात) डिक्शनरी बांधतो. व्हॅल्यू मात्र जशीच्या तशी, स्ट्रिंग म्हणून ठेवून देतो. १०८०९ हा आकडा आहे की मजकूर, हे तो ठरवत नाही. ते दुसऱ्या टप्प्याचं काम. त्या टप्प्याच्या हातात स्कीमा असते, कुठल्या जागी काय अपेक्षित आहे ते लिहिलेली. तिथे पूर्णांक हवा असेल तर स्ट्रिंगचा पूर्णांक होतो, बूलियन (हो किंवा नाही) हवा असेल तर 'ऑन' आणि 'ऑफ' ओळखले जातात, आकारमान हवं असेल तर '६४के' चालतं.

आता वरच्या ओळीतला पोर्ट बघा. कुणीही म्हणेल १०८०९ म्हणजे आकडा. पण क्यूएमूच्या स्कीमात इनेट पत्त्यातला पोर्ट स्ट्रिंग आहे, कारण तिथे सेवेचं नावही देता येतं. पार्सरने हुशारी करून आधीच आकडा केला असता तर पुढच्याने तो नाकारला असता, किंवा परत मजकूर करताना काहीतरी हरवलं असतं. '१.१०' ही आवृत्ती कुणीतरी दशांश समजून '१.१' करून टाकते, शून्याने सुरू होणारा क्रमांक शून्य गमावतो, हे आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलंय. हेल्मला याच कारणासाठी 'सेट' बरोबर 'सेट-स्ट्रिंग' असा वेगळा ऑप्शन ठेवावा लागला. दिसण्यावरून प्रकार ओळखायचा नाही. जागा विचारायची, मग प्रकार ठरवायचा.

लिस्टची भानगड आणखी बघण्यासारखी आहे. क्यूएमूमध्ये 'कोरम' नावाचा ड्रायव्हर आहे, तो एकच डेटा अनेक प्रतींमधून वाचून बहुमताने निकाल देतो. त्याला मुलं लागतात: 'चिल्ड्रन.०', 'चिल्ड्रन.१', 'चिल्ड्रन.२'. आता ओळ वाचताना पहिल्यांदा 'चिल्ड्रन.१' समोर आलं तर चिल्ड्रन ही लिस्ट समजायची की '१' नावाची की असलेली डिक्शनरी? त्या क्षणी कळायला मार्गच नाही. मग पार्सर सगळं डिक्शनरी म्हणूनच बांधतो. ओळ संपली की झाडावरून दुसरी फेरी मारतो. जिथे सगळ्या की आकडे आहेत तिथे लिस्ट करतो. आकडे आणि नावं मिसळलेली दिसली तर चूक. ० आणि २ आहेत, १ नाही, तर चूक. आणि एकीकडे 'फाइल=डिस्क१' लिहून दुसरीकडे 'फाइल.ड्रायव्हर=एनबीडी' लिहिलं तर तीही चूक, कारण फाइल एकतर पान आहे नाहीतर फांदी, दोन्ही नाही. हा कोड मी पहिल्यांदा वाचला तेव्हा खूप समाधान वाटलं होतं. जे आत्ता कळत नाही ते आत्ता ठरवायचं नाही, आणि ठरवायची वेळ आली की एकही शंका पोटात ठेवायची नाही.

आता कॉमा. सगळा संसार कॉमावर उभा केला की व्हॅल्यूच्या आत कॉमा आला तर काय? क्यूएमूचं उत्तर साधं आहे: कॉमा दोनदा लिहा. पण हे माहीत कुणाला असतं? आमच्याकडे एक तक्रार आली होती. एका ग्राहकाच्या माणसाने शाखांप्रमाणे मशिनांना नावं दिली होती, आणि एका डिस्कच्या फाइलचं नाव होतं 'पुणे, कोथरूड'. ओळ तयार करणाऱ्या स्क्रिप्टने ते नाव आहे तसं चिकटवलं. क्यूएमूने कॉमावर ओळ तोडली आणि 'पुणे' नावाची फाइल शोधायला गेला. मेसेज आला: फाइल अस्तित्वात नाही. समोर तर फाइल दिसतेय. परमिशन बघून झाल्या, स्टोरेज बघून झालं, नेटवर्क बघून झालं, आणि दोष निघाला एका कॉमात. त्या माणसाची यात काडीची चूक नव्हती. फाइलच्या नावात कॉमा ठेवायचा त्याला पूर्ण हक्क होता. सुटं मिळालेलं नाव ओळीत घालणाऱ्याने त्या ओळीचे नियम पाळायला हवे होते.

व्हिडिओ-ऑडिओवर काम करणाऱ्या एफएफएमपेगमध्ये तर हे तीन मजली आहे. व्हिडिओवर मजकूर टाकायचा फिल्टर वापरायचा, आणि मजकुरात अपॉस्ट्रॉफी आणि कोलन असेल, तर आधी फिल्टरच्या ऑप्शनसाठी बॅकस्लॅश, मग फिल्टरग्राफसाठी बॅकस्लॅश, मग शेलसाठी पुन्हा बॅकस्लॅश. प्रकल्पाच्या कागदपत्रांत याचं उदाहरण पायरी पायरीने सोडवून दाखवलंय, आणि ते वाचूनही हात थबकतो. प्रत्येक थराचं स्वतःचं विरामचिन्ह, प्रत्येकाची स्वतःची पळवाट, आणि बिचारा लिहिणारा माणूस सगळ्यात वर.

त्यात सुरक्षेचाही प्रश्न येतो. ऑगस्ट २०१७ मध्ये गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात एक मोठी त्रुटी दुरुस्त झाली. एसएसएचच्या, म्हणजे दूरच्या मशिनशी जोडून देणाऱ्या प्रोग्रामच्या, पत्त्यात होस्टच्या (त्या मशिनच्या नावाच्या) जागी हायफनने सुरू होणारं नाव दिलं की एसएसएच त्याला होस्ट न समजता ऑप्शन समजायचा, आणि त्या ऑप्शनमधून हवी ती कमांड चालवता यायची. व्हॅल्यू म्हणून दिलेली गोष्ट ऑप्शन होऊन बसली. 'पुणे, कोथरूड' मध्येही नेमकं हेच झालं होतं, फक्त तिथे कुणाचा वाईट हेतू नव्हता.

आणि सोयीपायी केलेल्या गोष्टींचं काय होतं तेही सांगायला हवं. क्यूएमू-ऑप्ट्समध्ये बूलियनला सवलत होती: नुसतं 'सर्व्हर' लिहिलं की 'सर्व्हर=ऑन', आणि पुढे 'नो' लावून 'नोवेट' लिहिलं की 'वेट=ऑफ'. टाइप करायला किती छान. पण ज्या कीचं नावच 'नो' ने सुरू होतं, 'नोड' समजा, तिचं काय करायचं? 'ड' नावाचं काहीतरी बंद करायचं का? आणि कॉमाने तुटलेला 'कोथरूड' सुद्धा या नियमाने एक बूलियन होऊन 'ऑन' होतो, चूक जिथे झाली तिथे ओरडत नाही. क्यूएमू ६.० पासून ही आखूड पद्धत कालबाह्य ठरवली आणि 'सर्व्हर=ऑन,वेट=ऑफ' असं पूर्ण लिहायला सांगितलं. चार अक्षरं जास्त लागतात. मला ती चार अक्षरं द्यायला आनंद वाटतो.

आमच्या टीममध्ये सांगलीहून आलेला एक नवा मुलगा आहे, फार नेमकं विचारतो. हे सगळं समजावून घेतल्यावर तो म्हणाला, 'मॅडम, मग सरळ जेसनच का नाही घ्यायचं?' जेसन म्हणजे कंस आणि अवतरणचिन्हं वापरून रचना लिहायची ठरलेली पद्धत. प्रश्न रास्त होता. डॉटच्या पद्धतीत रिकामी लिस्ट लिहिताच येत नाही, कारण तिला पानं नाहीत आणि पत्ता तर पानालाच असतो. एकाच जागी आकडाही चालेल आणि मजकूरही चालेल अशी स्कीमा असेल तर नुसत्या स्ट्रिंगवरून निवड करता येत नाही. जेसनमध्ये हे प्रश्नच नाहीत. म्हणून तर 'ब्लॉकडेव्ह' च्या व्हॅल्यूचं पहिलं अक्षर महिरपी कंस असेल तर क्यूएमू ती जेसन म्हणून वाचतो. २०२१ मध्ये 'ऑब्जेक्ट' आणि 'डिव्हाइस' या ऑप्शनांनाही जेसन चालायला लागलं. व्हर्च्युअल मशिनं सांभाळणारं लिबव्हर्टसारखं सॉफ्टवेअर जेव्हा क्यूएमूची ओळ तयार करतं तेव्हा तेही ब्लॉकडेव्हला जेसनच देतं. यंत्राने यंत्राला सांगायचं तर तेच योग्य.

मी त्याला म्हटलं, 'तू रात्री अडीचला टर्मिनलवर एक डिस्क लावून बघ, जेसन हाताने लिहून. एक अवतरणचिन्ह चुकव. मग सांग.' माणसाच्या हाताला कॉमा आणि डॉट जवळचे. दोन्ही दारं ठेवावीत, पण दोन्ही दारांतून आत येणाऱ्याला एकच झाड मिळालं पाहिजे, एकच स्कीमा, एकच तपासणी. आत गेल्यावर कुणी कुठून आलं हे कुठल्याही कोडला विचारावं लागू नये. जिथे एक पार्सर दारात आणि दुसरा आतल्या खोलीत परत स्ट्रिंग कापत बसलेला असतो, तिथे मी रिव्ह्यूमध्ये थांबते. अशा वेळी लोकांना मी हट्टी वाटते, वाटू दे.

चुकीच्या मेसेजबद्दलही माझा असाच हट्ट आहे. झाड उभं करताना वाट माहीत असतेच. मग 'चुकीचा पॅरामीटर' एवढंच सांगून का थांबायचं? 'फाइल.सर्व्हर.पोर्ट हवा होता, दिला नाही' असं सांगता येतं. रात्रपाळीच्या माणसाचा अख्खा तास वाचतो.

एक गोष्ट मात्र आपल्याला फुकट मिळाली आहे. पार्सर कॉमा शोधतो तो बाइटमध्ये शोधतो, अक्षरांमध्ये नाही. जपानी शिफ्ट-जिस एन्कोडिंगमध्ये काही अक्षरांचा दुसरा बाइट बॅकस्लॅशचाच असायचा, आणि भोळा पार्सर अक्षराच्या मधोमध फसायचा. १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ हे एन्कोडिंग रचलं तेव्हा ही काळजी घेतली. आपलं प्रत्येक देवनागरी अक्षरचिन्ह त्यात तीन बाइट घेतं, आणि त्या तिन्हींतला एकही बाइट १२८ च्या खाली जात नाही. कॉमा आहे ४४, डॉट ४६, बरोबरचं चिन्ह ६१. टक्कर होऊच शकत नाही. म्हणून 'कोथरूड' ही व्हॅल्यू कुठल्याही विशेष सोयीशिवाय सुखरूप आत पोचते.

सध्या तो सांगलीचा मुलगा आमच्या पार्सरसाठी टेस्ट लिहितोय. मी त्याला नावं दिली आहेत: आत कॉमा असलेलं, ओळीने दोन कॉमा असलेलं, कॉमाने संपणारं, आत बरोबरचं चिन्ह असलेलं, हायफनने सुरू होणारं, नुसत्या आकड्यांचं, 'नो' ने सुरू होणारं, देवनागरी, आणि रिकामं. रिकाम्यावर तो अडला आहे. 'की=' आणि की मुळात न देणं, या दोन गोष्टी वेगळ्या धरायच्या की एकच, यावर काल संध्याकाळी आमचा वाद झाला. मी म्हणते वेगळ्या. तो उद्या तीन उदाहरणं घेऊन येणार आहे.